दस्तगीरभाईंचं डोकं

दस्तगीरभाई मुलाणी दुकानात उलटे चालत यायचे. कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत चारचौघांसारखे सरळ. तिथं थांबायचे, जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घ्यायचे, गर्रकन वळायचे आणि तिथून दुकानापर्यंत पाठ पुढं करून चालायचे. पायरी आली की टाचेनं चाचपून बघायचे आणि अचूक वर चढायचे. 'रामराम, सुदामराव' हे ते रस्त्याकडं तोंड करूनच म्हणायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस कुणाला तरी निरोप देत देत आत येतोय.

मी एकदा विचारलं, "दस्तगीरभाई, ह्यो काय प्रकार?"

"सरळ चालाय डोकं लागत न्हाय, सुदामराव. बैलबी चालतो. उलटं चाललं की डोक्याला कळतं, आज मालक कामावर आलाय."

आज मी हे हसत सांगतोय. तेव्हा हसू येत नव्हतं. तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि त्याला कारण होतं.

बारामतीत आमचं ट्रॅक्टर आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमचं म्हणजे विलासआबांचं. मी तिथं चोवीस वर्षं काउंटरवर. देवानं मला उंची दिली नाही, रंग दिला नाही, दहावीला गणित दिलं नाही. पण एक गोष्ट पोतं भरून दिली: आठवण. भिंतभर फळ्या आणि त्यांवर खण. कुठल्या खणात कुठलं बेअरिंग, कुठला ऑइल सील, कुठल्या पंपाचा इंपेलर, सगळं मला जागेवरून न उठता सांगता यायचं. शेतकरी तुटका तुकडा वर धरायचा आणि मी म्हणायचो, "दुसरी फळी, उजवीकडनं तिसरा." लोक मला कॉम्प्युटर म्हणायचे. पुढं आबांनी खराखुरा कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याला सगळे 'दुसरा कॉम्प्युटर' म्हणू लागले. त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं होतं.

दस्तगीरभाई आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या काउंटरवर आले. वयानं माझ्याहून मोठे, स्वभावानं गरीब आणि डोक्यानं संथ. साधा नटबोल्ट द्यायचा तरी वही उघडायचे, बोट फिरवायचे, चष्मा पुसायचे. तोवर माझी तीन गिऱ्हाइकं उरकायची. तेव्हा ते मला फार आवडायचे. आपल्यापेक्षा मंद माणूस किती गोड वाटतो!

तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी डोक्याचं मनावर घेतलं.

सुरुवात बदामांनी झाली. सात बदाम रात्री भिजवायचे, दुकानात आणायचे, काउंटरवर एका ओळीत मांडून एकेकाची साल काढायची. मधे गिऱ्हाईक आलं तर थांबायचं आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मग ब्राह्मी आली. कालव्याच्या कडेला ओलीत कुठं ती उगवते, हे त्यांनी जळोचीतल्या एका म्हाताऱ्याकडून शोधून काढलं. सकाळी मूठभर पानं चावायचे आणि दिवसभर हिरव्या दातांनी हसायचे. "दस्तगीरभाई, शेवाळ धरलंय जणू," असं कुणी म्हणालं की ते आणखी हसायचे.

मग डाव्या हातानं बिलं लिहिणं. मग पाढे. पाढे म्हणजे आपले दोन ते तीस नव्हेत. पावकी, दिडकी, औटकी: पाव, दीड आणि साडेतीनचे. पंपाचा वॉटर सील बांधून देता देता तोंडानं चाललेलं असायचं, "बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा..." एक शेतकरी घाबरून म्हणाला, "अवो, मला एकच पायजे."

दुपारी जेवण झालं की गोदामात पोत्यावर वीस मिनिटं झोपायचे. घड्याळ न लावता बरोबर विसाव्या मिनिटाला उठायचे. आबा विचारायला गेले तर म्हणाले, "आबा, डोकं म्हंजी पंप हाय. पाणी भरून प्रायमिंग केलं न्हाय, तर नुसतं फिरंल, पाणी उचलायचं न्हाय. झोप हेच प्रायमिंग." आबांचा जन्म पंपात गेलेला. त्यांना ते लगेच पटलं. चोवीस वर्षांत मी कधी दुपारी डुलकी काढली असती, तर तिला त्यांनी प्रायमिंग म्हटलं असतं का?

या सगळ्यासोबत ते दर आठवड्याला एक खण पाठ करायचे, शाळेतल्या पोरानं कविता पाठ करावी तसा. मी मनात म्हणायचो, करा. असं घोकून कुठं डोकं येतं? ते जन्मालाच यावं लागतं.

दीड वर्षानं कऱ्हाटीचा एक शेतकरी काळाकुट्ट, अर्धा झिजलेला तुकडा घेऊन माझ्या काउंटरवर आला. मी तो उलटा केला, सुलटा केला, नखानं खरवडला. काही आठवेना. तो हातातून सुटून काउंटरवर पडला. पलीकडून पाठमोरे दस्तगीरभाई म्हणाले, "सुदामराव, परत टाका बरं."

मी टाकला.

"पितळ हाय. जुन्या मोनोब्लॉक पंपाची बुशिंग. तिसरी फळी, डावीकडनं पाचवा खण, खालच्या अंगाला."

तिथंच निघाली. कऱ्हाटीचा तो माणूस मला म्हणाला, "तुमी लई दिवस झालं हितं, न्हाय का?" एवढंच म्हणाला. पण मला रात्रभर लागून राहिलं.

त्यानंतर गर्दी तिकडं सरकली. माझ्या काउंटरवर माणसं पाणी प्यायला यायची, कारण माठ माझ्या बाजूला होता. आबा मला म्हणाले, "सुदाम, दस्तगीरकडनं शीक की जरा." दस्तगीरभाईंचं काम मात्र तिपटीनं वाढलं. फोनवरची सगळी मागणी त्यांच्याकडं, कंपन्यांचे एजंट त्यांच्याकडं. आबा तर मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नाचा मुहूर्तही त्यांनाच विचारायचे, आणि दस्तगीरभाई सील मोजता मोजता सांगायचे, "बारा पस्तीस. कार्यालय कालव्याच्या पल्याड." डोकं चाललं म्हणून त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, ओझंच दिलं. मला त्या ओझ्याचासुद्धा हेवा वाटायचा.

मग मीही लपून सगळं सुरू केलं. आधी बदाम. तिसऱ्या दिवशी बायकोनं वाटी पकडली. "तुमाला कुठला पेपर द्यायचाय?" म्हणाली आणि चार बदाम स्वतः खाल्ले. उलटं चालायला गेलो, तर आमच्याच गल्लीत गाभण शेळीवर आदळलो. ब्राह्मी म्हणून जे पान चावलं, ते ब्राह्मी नव्हतं. काय होतं ते कळलं नाही, पण दोन दिवस दुकानाला जाता आलं नाही.

दरम्यान दस्तगीरभाईंनी मोबाइलवरून कसल्याशा गोळ्या मागवल्या. बाटलीवर मेंदूचं चित्र आणि त्यातून निघणाऱ्या विजा. त्या खाऊन तीन दिवस ते झोपले नाहीत. दुकानातले सगळे नटबोल्ट मापानं, मग रंगानं, मग पुन्हा मापानं लावले, आणि तोंड एक क्षण मिटलं नाही. मीही त्यांच्या बाटलीतली एक गोळी ढापली. मला वाटलं, सगळे खण डोळ्यांसमोर लख्ख उभे राहतील. पण छातीत धडधड सुरू झाली आणि दिवसभर एकच विचार: घरचा गॅस बंद केला का? बायकोला अकरा वेळा फोन केला. अकराव्या वेळी ती माहेरी जाते म्हणाली.

चौथ्या दिवशी दस्तगीरभाईंनी बाटली गटारात फेकली. "ह्यो स्टार्टर न्हाय, सुदामराव. ह्यो आकडा टाकलेली लाइन हाय. मोटार पळंल जोरात, पन जळंल." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तुमी चांगला डाक्टर गाठा. तोंड उतरलंय."

असं सगळं चाललेलं असताना आबांनी जाहीर केलं, की इंदापूरला दुकानाची शाखा काढायची आणि दोघांतला एक तिथं मुख्य म्हणून जाणार. "ज्याचं डोकं पक्कं, त्यो जाईल," आबा म्हणाले, आणि बघत होते दस्तगीरभाईंकडं. दस्तगीरभाई सील मोजत राहिले. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचे पाढे चुकले. त्यांची एकुलती एक मुलगी अकलूजला दिलेली. इंदापूरहून अकलूज जवळ. घरी ते एकटेच होते. भाभी वारल्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचं केलं.

रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला दोन ऑइल सील येतात. बाहेरून जुळे भाऊ. आतल्या मापात कणभर फरक. ते शेजारशेजारच्या खणांत असायचे. दस्तगीरभाईंचा आता असा तोरा, की खणाकडं न बघता हात घालायचे. एका सकाळी ते यायच्या आत मी दोन्ही खणांतला माल अदलाबदल केला. दोन मिनिटांचं काम. मग हात पुसून मी माठ भरायला गेलो.

दुपारी मोरगावचा एक शेतकरी, बापूराव, एसटीनं आला. पाऊस पडून गेलेला, बाजरीची पेरणी तोंडावर, रोटाव्हेटर तेल गाळत बांधावर उभा. दस्तगीरभाईंनी मागं हात घातला, सील काढला, न बघता कागदात बांधला. "जावा निवांत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापूराव पुन्हा एसटीनं आला. सील काउंटरवर आपटला. "निवांत जा म्हनलासा! मिस्त्री रिकामा बसला, ट्रॅक्टर रिकामा बसला, वाफसा चाललाय माझा! डोकं ठिकानावर नसंल तर घरी बसावं मानसानं!"

मला वाटलं होतं, दस्तगीरभाई माप बघतील, खण बघतील, कुणीतरी माल हलवलाय हे त्यांच्या ध्यानात येईल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. त्यांनी खणाकडं पाहिलंच नाही. सील हातात घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले. चेहरा असा झाला, जणू पायरी आहे समजून पाय टाकला आणि खाली काहीच नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले. "माझं चुकलं, बापूराव."

हुडकून त्यांनी शेजारच्या खणातून बरोबर सील काढला; आपणच खण चुकलो, अशी त्यांची खात्री झाली. बापूरावासोबत एसटीत बसून मोरगावला गेले, मिस्त्रीसमोर उभं राहून तो बसवून घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. मी तेवढ्यात दोन्ही खण होते तसे करून ठेवले.

त्यानंतर दस्तगीरभाई सरळ चालत येऊ लागले. बदाम नाहीत, पाढे नाहीत. जुनी वही निघाली. एकेक गोष्ट तीनदा बघून द्यायचे आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की हाक मारून पुन्हा तपासायचे. आबा म्हणाले, "म्हातारा झाला ह्यो. सुदाम, इंदापूरची तयारी कर." मला पाहिजे होतं ते मिळालं. घरी मी पेढे नेले. बायको खूश झाली. मी मात्र माझा पेढा तसाच कागदात ठेवला.

दस्तगीरभाई माझ्याकडं येऊन म्हणाले, "तुमचंच व्हतं ते, सुदामराव. तुमचं देवानं दिल्यालं. माझं आपलं ठोकून ठोकून बसवल्यालं. निसटलं." मग आवाज खाली करून विचारलं, "पुण्यात डोक्याचा डाक्टर कोन चांगला हाय? फोटो काढून घ्यावा म्हनतो. खरं काय ते कळू दे."

त्या रात्री झोप आली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी जळोचीला त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. ते चहा करत होते. मला बघून गडबडले, खुर्ची पुसली. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "दस्तगीरभाई, त्यो सील तुमी चुकला न्हाय. म्या खन बदलले व्हते. तुमच्यावर जळत व्हतो. इंदापूर मला पायजे व्हतं."

त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली आणि शिवीची वाट बघितली.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

"म्हंजी मी हात घातला त्यो खन बरोबर व्हता?"

"व्हय."

"चौथी फळी, उजवीकडनं दुसरा?"

"व्हय. मालच दुसरा व्हता त्यात."

ते भिंतीला टेकून खालीच बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि हसायला लागले. हसता हसता डोळे वाहायला लागले. "मग डोकं जाग्यावर हाय माझं! सुदामराव, डोकं जाग्यावर हाय!" एवढी मोठी खुशखबर आणणाऱ्याला माफी कसली मागू द्यायची, अशा थाटात ते उठले, मला ओढून खुर्चीवर बसवलं आणि सगळा चहा माझ्याच कपात ओतला.

"रागवा की, दस्तगीरभाई," मी म्हणालो. "मला बरं वाटंल."

"रागवीन उद्या. आज आनंद हाय." मग ते हळू आवाजात बोलू लागले. "तुमाला ठावं न्हाय. माझ्या डोक्यात कधीच काय ऱ्हायलं न्हाय. हमीदा होती ना. चाळीस वर्षं दारात उभी ऱ्हाऊन सांगायची. किल्ली घेतली का, चष्मा घेतला का, येताना जिरं आना, पोरीला फोन करा. माझं डोकं तिच्यापाशी असायचं. मी नुसता हातपाय घिऊन कामाला यायचो. ती गेली त्याच्यानंतर पयल्या दिवशी दाराला कुलूप लावलं, अन् उभाच ऱ्हायलो. कायतरी इसरलंय, एवढंच कळत व्हतं. काय ते कळंना. तवा म्हनलं, दस्तगीर, आता डोकं सोताचं कराय पायजे. परवा त्यो सील बघितला, तवा वाटलं, ह्येबी गेलं. आता कुनीच न्हाय."

मी चहा पीत राहिलो. 

दुसऱ्या दिवशी मी आबांना सगळं सांगितलं. आबा काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. महिनाभर ते माझ्याशी खुणांनीच बोलत होते. दस्तगीरभाईंनी मध्ये पडून माझी नोकरी वाचवली. "आबा, भिंतीला सुदामराव लागतात," म्हणाले, "त्यांच्याबिगर खन मुके हायत." हे मला गोड वाटायला हवं होतं. मला त्यांच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला. काही खोडी जात नाहीत.

इंदापूरला दस्तगीरभाई गेले. जायच्या दिवशी सामान टेम्पोत चढवल्यावर मला बाजूला घेतलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सुदामराव, एक काम करशीला? सकाळी कामाला निघायच्या टायमाला फोन करत जावा. आठवन करून द्यायला."

"कशाची?"

"कशाचीबी. इसरत न्हाय मी आता. पन कुनीतरी सांगावं वाटतं."

आता रोज सकाळी साडेआठला मी इंदापूरला फोन लावतो. ते दाराशीच उभे असतात. कुलपाचा आवाज येतो.

"किल्ली घेतली का?"

"घेतली."

"चष्मा?"

"डोळ्याव हाय."

"डबा? मोबाइलचा चार्जर? पोरीला फोन करा."

"केला रातीच."

परवा विचारायचं सगळं संपलं आणि फोन ठेवायला जीव होईना, म्हणून मी म्हणालो, "छत्री घ्या."

"सुदामराव, उन्हाळा चाललाय."

"असू दे. म्या आपलं सांगितलं."

 मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं तुमी," आणि कुलूप पुन्हा उघडल्याचा आवाज आला.